शाळेच्या डब्याची साप्ताहिक बेगमी

शाळेत जाणाऱ्या मुलाबरोबर रोज द्यावयाचा डबा हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत सकाळी साडेपाचला गॅस पेटवून साडेसहाला मूल रिक्षात बसवावे लागते, आणि त्यानंतर तासाभरात त्याच घरातील दोन्ही कर्ती माणसे कामावर निघतात, त्या घरांत या एका कामाभोवती सबंध दिवसाचा कारभार आखलेला असतो. म्हणूनच रविवारी बसून पुढल्या पाचसहा दिवसांच्या डब्यांची तजवीज एकदम करून ठेवावी, हा विचार अलीकडे शहरांतील मराठी कुटुंबांत चांगलाच रुजू लागला आहे. त्याचे प्रचलित रूप पश्चिमेकडून आले. तेथील मूल बहुधा थंडच खावयाचे पदार्थ नेते, तेथील हवा थंड, घरातील शीतकपाटे ऐसपैस आणि वीज अखंड. हे रूप जसेच्या तसे उचलणे कितपत योग्य, आपल्याकडे या जातीच्या बेगमीची स्वतःची काही परंपरा आहे काय, अन्नशास्त्र त्याबाबत काय सांगते, आणि या साऱ्या व्यवस्थेचे श्रम अखेर कोणाच्या वाट्याला येतात, या अंगांनी प्रश्नाचा विचार व्हावयास हवा. माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो : डबा आठवड्याचा होऊ शकत नाही, डब्याची तयारी मात्र होऊ शकते, आणि ती होणे अत्यंत इष्ट आहे.

पहिला आक्षेप शिळ्या अन्नाचा. आपल्या समाजमनात तो फार खोल गेलेला आहे, आणि त्याला ग्रंथांचा आधारही आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे जे त्रिविध वर्गीकरण केले आहे, त्यात प्रहर उलटून गेलेले, रात्र ओलांडलेले अन्न तामस ठरविले आहे. ज्या आज्या आजही सुनेने आदल्या रात्री भाजी करून ठेवलेली पाहून अस्वस्थ होतात, त्यांच्या अस्वस्थतेमागे केवळ हट्ट नसून अनेक शतकांचा हा संस्कार उभा आहे, याची जाणीव ठेवली पाहिजे. परंतु त्याच परंपरेने या नियमाला विचारपूर्वक अपवादही केले आहेत, हे सहसा सांगितले जात नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तेलातुपाने युक्त पदार्थ, तसेच यव, गहू व दूध यांचे विकार रात्र उलटली तरी भक्ष्य मानले आहेत; आणि आपल्या स्वयंपाकघरांनी तो भेद आचरणात असा काही मुरवून घेतला, की प्रवासाला निघताना पाण्यात भिजवलेल्या कणकेच्या पोळीऐवजी दुधात भिजवलेली दशमी बांधून देण्याचा शिरस्ता घरोघर पडला. पाणी जितके अधिक तितके अन्न लवकर बिघडते, आणि तेल, मीठ, आंबट व कोरडेपणा यांनी ते टिकते, हे ज्ञान जंतुशास्त्राच्या कितीतरी आधी या रिवाजात येऊन बसले होते.

या दृष्टीने पाहिले तर बेगमी ही कल्पना मराठी घराला मुळीच परकी नाही. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे वाळवून वर्षाची तरतूद करणे, ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद व धने वेगवेगळे भाजून थालिपिठाची भाजणी दळून आणणे, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची वा तिळाची चटणी बरणीत भरून ठेवणे, संक्रांतीची गूळपोळी आठवडाभर पुरविणे, वारीला निघणाऱ्याच्या शिदोरीत धपाटे घालणे, ही सर्व त्याच बुद्धीची रूपे आहेत. मात्र या यादीकडे नीट लक्ष दिले तर एक गोष्ट ध्यानात येते. जुन्या गृहिणींनी जे साठविले ते एक तर पूर्णपणे कोरडे वा स्निग्ध होते, किंवा ते जेवण नव्हतेच, जेवणाचा एक घटक होता. भाजणी साठविली जाई, थालीपीठ नव्हे. गोडा मसाला वर्षाचा होई, आमटी त्या दिवसाचीच. आजच्या साप्ताहिक तयारीच्या पुरस्कर्त्यांनी या भेदाकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे तेवढे दिलेले नाही. पाच डबे पूर्ण शिजवून, भरून, एकावर एक रचून ठेवल्याची छायाचित्रे पाहून ज्यांना हुरूप येतो, त्यांनी आपल्याच घरातील बरण्यांच्या फळीकडे अधिक आदराने पाहावे.

आता हवामानाचा मुद्दा घेऊ. सबंध प्रश्नाची गुरुकिल्ली त्यातच आहे. अन्न नासविणाऱ्या व माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंची वाढ ढोबळपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात होते आणि माणसाच्या अंगाइतक्या उष्णतेच्या आसपास ती फार झपाट्याने होते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नागरिकांना असा सल्ला आहे, की नाशवंत अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर ही मुदत एकच तास समजावी. आपल्याकडे सकाळी साडेसहाला बंद केलेला डबा छोट्या सुट्टीत साडेनवाला आणि मोठ्या सुट्टीचा असेल तर त्याहून उशिरा उघडतो. दुपारच्या अधिवेशनाचे मूल तर तो भर उन्हातून नेते, आणि मार्चअखेरीस नागपूर-अकोल्याकडे दुपारचा पारा चाळिशीला टेकलेला असतो. त्या सल्ल्याचे अक्षरशः पालन करावयाचे तर आपला कोणताच डबा कसोटीला उतरणार नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या मुले हे डबे खाऊन धडधाकट राहिली याचे कारण असे, की ते अन्न घराबाहेर पडण्यापूर्वी केवळ अर्धा तास आधी कढईतून वा तव्यावरून उतरलेले असे. शिजण्याच्या उष्णतेने त्यातील बहुतेक जंतू मेलेले असत, आणि भाजी बहुधा कोरडी, परतलेली, मिठा-हळदीची, क्वचित लिंबू पिळलेली असे. डब्यातील ते तीनचार तास ही ताज्या अन्नाला निसर्गाने दिलेली सवलत आहे. रविवारी शिजवून बुधवारपर्यंत फ्रीजमध्ये राहिलेल्या, दहा वेळा दार उघडल्याने आणि भारनियमनाने अधूनमधून कोमट झालेल्या, आणि सकाळच्या घाईत जेमतेम ऊन करून भरलेल्या भाजीने ती सवलत आधीच खर्च केलेली असते. अन्नाच्या आयुष्याचा हिशेब ते चुलीवरून उतरल्या क्षणापासून मांडावयाचा असतो, डबा घराबाहेर पडल्यापासून नव्हे.

भाताची गोष्ट तर याहून गंभीर आहे, आणि ती प्रत्येक पालकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. ‘बॅसिलस सेरिअस’ नावाच्या जंतूचे बीजाणू कच्च्या तांदळावर सर्रास असतात आणि पाण्याला आधण आले तरी ते मरत नाहीत. शिजलेला भात पातेल्यात तसाच झाकून कोमट राहू दिला, की ते बीजाणू रुजतात, वाढतात, आणि जे विष निर्माण करतात ते पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकून डब्यात द्यावयाचा असेल, तर तो रात्री जेवणे आटोपताच परातीत पातळ पसरून निववावा, तासाभरात फ्रीजमध्ये जावा आणि दुसऱ्याच दिवशी संपावा. सकाळी तो वाफ निघेपर्यंत परतावा. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात मुलाच्या डब्यात जाऊ नये, आणि रविवारचा भात मंगळवारी तर नाहीच नाही.

पोळीचा प्रश्न आरोग्याचा नसून चवीचा आहे, पण डबा परत येण्याचे ते एक मोठे कारण असल्याने तोही महत्त्वाचा. भाजलेल्या पोळीतील पिष्ट थंड होऊ लागले की त्याची रचना पुन्हा घट्ट होत जाते आणि पोळी वातड होते. ही क्रिया फ्रीजच्या तापमानात सर्वांत जलद चालते, आणि गोठविल्यावर जवळजवळ थांबते. म्हणजे पोळ्या करून फ्रीजमध्ये ठेवणे हा त्या बिघडविण्याचाच मार्ग झाला. ठेवावयाच्याच असतील तर दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजून, मध्ये कागद घालून थेट फ्रीजरमध्ये ठेवाव्यात आणि सकाळी तेलाचा हात लावून तव्यावर पूर्ण भाजाव्यात. मेथीचे वा बटाट्याचे पराठे या रीतीने दोन आठवडे उत्तम राहतात. भिजवलेली कणीक तेल लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात एक रात्र राहील, त्यापुढे ती काळी पडू लागते. आणि ताजी असो वा गोठविलेली, पोळी गरम असताना झाकण लावू नये. आत सुटलेल्या वाफेचे पाणी होते, त्याने खालची पोळी गिचगिचीत होते आणि भाजीलाही आंबण्यास मदत होते.

तर मग रविवारी करावयाचे काय? सकाळच्या वेळातील मोठा भाग शिजविण्यात जात नाही, शिजविण्यापूर्वीच्या कामांत जातो, आणि ही कामे आधी करता येतात. मेथी, पालक, कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवली की चारपाच दिवस राहते, धुणे ऐनवेळी. कोबी, गाजर, फरसबी दोन दिवसांपुरती चिरून ठेवावी, भेंडी धुऊन पुसून आदल्या रात्री. बटाटा आणि वांगे मात्र चिरून ठेवू नये, ती काळवंडतात, आणि कोणतीही भाजी जितकी आधी चिरावी तितके तिच्यातील क जीवनसत्त्व घटत जाते हे स्मरणात असावे. हिवाळ्यात स्वस्त मिळणारे मटार सोलून, उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे घालून, लगेच गार पाण्यात निववून गोठविले तर पुढे काही महिने उपयोगी पडतात. आले-लसूण-मिरचीचे वाटण, भाजलेल्या दाण्याचे कूट, भाजलेला रवा, ही तर सकाळची अर्धी धावपळ वाचविणारी सामग्री. ओल्या खोबऱ्याबाबत मात्र कोकणातील आणि गोव्यातील स्वयंपाक्यांचा अनुभव प्रमाण मानावा : खवलेला नारळ गोठवून ठेवता येतो, परंतु उन्हाळ्यात डब्याच्या भाजीत तो घालू नये, कारण चारपाच तासांत तीच भाजी प्रथम आंबते.

दोन पदार्थ मला या सर्वांत श्रेष्ठ वाटतात, कारण त्यांत आधी केलेली तयारी अन्नाला हीन न करता उलट समृद्ध करते. एक मोड आलेली कडधान्ये. मूग वा मटकी आठदहा तास भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवली की एका दिवसात मोड येतात आणि ती तीन दिवस फ्रीजमध्ये चांगली राहतात. वाळलेल्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोडात उत्पन्न होते, आणि लोहाच्या शोषणाला अडथळा आणणारे द्रव्य कमी होते. सकाळी दहा मिनिटांत त्यांची कोरडी उसळ होते; मोड कच्चे मात्र देऊ नयेत, कारण ज्या ऊबदार ओलाव्यात ते येतात त्यातच जंतूही वाढतात. दुसरा पदार्थ इडलीचे आंबवलेले पीठ. रविवारी रात्री आंबलेल्या पिठाच्या सोमवारी इडल्या, मंगळवारी घावनासारखे पातळ डोसे, आणि आंबटपणा चढल्यावर बुधवारी कांदा-गाजर घालून उत्तप्पे, असा त्याचा क्रम स्वाभाविकच लागतो.

बुधवारचा उल्लेख येथे हेतुपुरस्सर केला आहे. शिजविलेले अन्न व्यवस्थित थंड फ्रीजमध्ये तीनचार दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये हा सर्वमान्य नियम. भिजवलेली, चिरलेली, आंबवलेली कच्ची सामग्रीही साधारण तेवढ्याच अवधीत उतरणीला लागते. त्यामुळे ‘आठवड्याची तयारी’ एका बैठकीत उरकण्याचा आग्रह आपल्याकडे गुरुवार-शुक्रवारच्या डब्यावर अन्याय करतो. रविवारी एक मोठी आणि बुधवारी रात्री अर्ध्या तासाची एक लहान, अशा दोन बैठकी हाच व्यवहार्य शिरस्ता होय. आणि कोरड्या खाऊची बरणी, म्हणजे गुळपापडी, राजगिऱ्याचे वा दाण्याचे लाडू, भाजके पोहे, फुटाणे, हा सर्व तयारी कोलमडल्या दिवसाचा आधार.

पोषणाच्या बाजूने हा विषय किती निकडीचा आहे, हे दोन आकड्यांवरून कळेल. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी २८ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. या दुसऱ्या गटात मुलींचे प्रमाण ४० टक्के होते. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत मिळणारा पोषण आहार हा याच दुखण्यावरचा उपाय. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत कोरडे धान्य न देता शिजवलेले जेवणच द्यावे, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली केला, आणि त्यात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. घरच्या डब्याने निदान या सरकारी मापाशी तरी स्पर्धा करावी. दोन पातळ पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी हा डबा प्रथिनांत तेथवर पोचत नाही. त्याच दोन पोळ्यांबरोबर ३० ग्रॅम मुगाची उसळ दिली तर एकट्या मुगातूनच सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. वर लिंबाची फोड दिली तर लोहही अंगी लागते. जो डबा रिकामा राहतो वा आवडत नाही त्याची जागा उपाहारगृहातील वेफर आणि शीतपेये घेतात. अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई केली असली, तरी फाटकापासून साठाव्या मीटरावर दुकान असतेच.

परदेशांतील व्यवस्थांचा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. फिनलंडने १९४८ पासून सर्व शाळकरी मुलांना विनामूल्य दुपारचे जेवण दिले, जपानने १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा केला, आणि जेथे शासन असे उभे राहिले तेथे घरच्या डब्याचे ओझे आपोआप हलके झाले. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांपुढे मात्र एक निराळीच अडचण येते : शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्या मुलांच्या रक्षणासाठी तेथील अनेक शाळांत वा वर्गांत दाणे आणण्यास बंदी असते, आणि मग साबुदाण्याच्या खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत ज्या पाकशास्त्राचा श्वास दाण्याच्या कुटावर चालतो, त्याला तिळाचा वा सुक्या खोबऱ्याचा पर्याय शोधावा लागतो, तीळही वर्ज्य असेल तर तोही मार्ग खुंटतो. तेथे उकळत्या पाण्याने आधी ऊन करून घेतलेल्या थर्मासात वाफाळती खिचडी देण्याची रीत रूढ झाली आहे; अन्न ६० अंशांवर राहील तोवर ती निर्धोक असते, आणि आपल्या दुपारच्या शाळांनाही ती अनुकरणीय आहे.

मुंबईने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले होते ते याहूनही सुंदर. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी ज्या कामाचा पाया घातला, ते डबेवाले कचेऱ्यांबरोबरच शाळांतही डबे पोचवीत. मूल सात वाजता घरातून जाई आणि त्याचा डबा नऊ-दहाला. मुलाच्या निघण्याच्या वेळेपासून डब्याच्या निघण्याची वेळ सुटी केल्यामुळे पहाटेचा स्वयंपाक टळे आणि अन्नही ताजे पोचे. ती सोय सर्वत्र नाही, हे खरे. पण अडचण कोठे आहे ते तिच्यावरून स्पष्ट दिसते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरविण्याचा जो आदेश काढला, तो मुलांच्या झोपेसाठी होता. परंतु जेथे तो खरोखर अमलात आला तेथे डब्याचाही अर्धा प्रश्न सुटला.

राहता राहिला श्रमांचा मुद्दा, आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या, पुरुष ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच चौथ्या हिश्श्याच्या जेमतेम वर होते. अशा समाजात साप्ताहिक तयारीचा सल्ला आईलाच उद्देशून दिला, तर पाच सकाळींचे ओझे उचलून तिच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवसावर टाकण्यापलीकडे त्यातून काही निष्पन्न होत नाही. ही तयारी सबंध घराची असेल तरच तिचे समर्थन करता येते, आणि सुदैवाने तिच्यातील कामे वाटून घेण्यास फार सोयीची आहेत. मटार सोलणे, मेथी निवडणे, मटकी फडक्यात बांधणे ही सातआठ वर्षांच्या मुलालाही जमतात, आणि ज्या मुलाने मोड येताना पाहिले ते उसळ डब्यात परत आणण्यापूर्वी दोनदा विचार करते. बाजारहाट, चिरणे, दाणे भाजून कूट करणे आणि बुधवारची बैठक वडिलांनी आपल्या अंगावर घ्यावी. कोणत्या दिवशी काय, हे मुलांना विचारून ठरवावे; रोज पहाटे उठून ‘आज काय द्यावे’ हा निर्णय एकटीने करणे हे काम पोळ्या लाटण्याहून थकविणारे आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही सर्वेक्षणात होत नाही.

शाळांकडूनही थोडी अपेक्षा आहे. डबे दप्तरांत, पाण्याच्या बाटल्यांना टेकून, खिडकीच्या उन्हात चारचार तास पडून राहतात. वर्गाबाहेर सावलीत हवेशीर फळी ठेवणे, हात धुण्यास पाणी देणे, आणि सुट्टी निदान वीस मिनिटांची करणे यांस फारसा खर्च येत नाही. पालक-शिक्षक संघाने फेब्रुवारीच्या बैठकीत, ऊन तापण्यापूर्वी, हा विषय पटलावर घ्यावा.